बाळ कोण धरणार?

एकाहत्तर साली सीमेपलीकडून माणसांचे लोंढे कलकत्त्याकडे येऊ लागले, तेव्हा आमच्या मराठी महिला मंडळाने ठरवलं की आपणही काहीतरी केलं पाहिजे. तोवर मंडळाचं समाजकार्य म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपतीतली पाककृतींची स्पर्धा आणि एका वर्षी पूरग्रस्तांसाठी वळलेले लाडू. ते लाडू पूर ओसरून लोक घरी गेल्यावर पोचले होते. पण लाडू उत्तम झाले होते, याबद्दल दुमत नव्हतं.

मंडळाच्या अध्यक्षबाई पुण्याच्या. यजमान केंद्र सरकारात मोठे अधिकारी, बदलीवर आलेले. कलकत्ता ही आपल्यावर आलेली एक तात्पुरती साडेसाती आहे, अशा समजुतीने त्या इथे राहत आणि त्या साडेसातीतही सगळं शिस्तीत झालं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे.

"सगळ्यांना थोडं थोडं वाटत बसायचं नाही," त्या बैठकीत म्हणाल्या. "एकच कुटुंब घ्यायचं, पण नीट घ्यायचं. आणि गरजू पाहिजे हं. आधी कोणीतरी जाऊन गरज काय आहे ते तपासून या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा तिशीला टेकलेली, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. लग्न झालेलं नाही म्हणजे वेळ भरपूर, हे मंडळात गृहीतच होतं. शिवाय मी इथेच जन्मलेली. माझं मराठी ऐकून पुण्याच्या बायका पदराआड हसत. 'मी तिला फोन मारला' असं मी एकदा म्हणाले होते, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. पण त्या दिवशी तोच माझा गुण ठरला. "हिला बंगाली छान येतं," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि छावणीत काय काय विचारायचं ते त्यांनी माझ्याकडून धडा पाठ करून घ्यावा तसं घोकून घेतलं.

सॉल्ट लेक तेव्हा नावालाच वसाहत होती. खाडी बुजवून केलेलं वाळूचं मैदान, मधूनच एखादं अर्धवट घर, आणि पुढे राहायला येणाऱ्या लोकांच्या गटारांसाठी आणून टाकलेले सिमेंटचे प्रचंड पाइप. ते लोक अजून आले नव्हते. त्यांच्या गटारात सध्या दुसरे लोक राहत होते. एकेका पाइपात एकेक कुटुंब. बाहेर चिखलात चुली, पोरं, रांगा.

एका स्वयंसेवकाला मी आमच्या मंडळाचा हेतू सांगितला. तो म्हणाला, "एकच कुटुंब हवं ना? मग त्या तिकडच्या पाइपातली एकटी बाई पाहा. सगळे पाहुणे तिलाच भेटतात. बोलते चांगली."

पाइपाच्या तोंडाशी जमीन स्वच्छ सारवलेली होती आणि पांढऱ्या मातीने काढलेली रांगोळीसुद्धा होती. आत पंचविशीची एक बाई मांडीवर चारपाच महिन्यांचा मुलगा घेऊन बसली होती. मला पाहून तिने बसायला पोतं सरकवलं आणि विचारलं, "तुम्ही दुधाच्या की कपड्यांच्या?"

मला कळेना. मग उमगलं. काही लोक दुधाची पावडर घेऊन यायचे, काही जुने कपडे.

"आम्ही आधी चौकशी करतो," मी म्हणाले.

"म्हणजे काहीच न देणाऱ्या," ती म्हणाली, पण रागाने नव्हे. वर्गवारी नीट लागल्यावर माणसाला बरं वाटतं, तसं तिला वाटलेलं दिसलं. "बसा, दिदिमणी."

मग माझ्या छान बंगालीची परीक्षा सुरू झाली. तिची भाषा जेसोरकडच्या खेड्यातली. क्रियापदं तिच्या तोंडात अशी काही वळायची की वाक्याच्या शेवटी कोण आलं, कोण गेलं, याचा मला पत्ता लागायचा नाही. मी दोनदोनदा विचारायचे, ती मोठ्या आवाजात तेच सांगायची, जशी मी बहिरी आहे. उलट माझं तिला सगळं समजत होतं. त्यामुळे तासाभरात मी तिची जेवढी चौकशी केली त्याच्या दुप्पट तिने माझी केली. घरी कोण? आईच? वडील कधी गेले? स्वयंपाक कोण करतं? आई? अजून? लग्न का नाही? कोणी बघत नाही, की तुम्हीच नको म्हणता?

या सगळ्यातून तिच्याबद्दल मला कळलं ते असं. गावात धुमाकूळ सुरू झाला तेव्हा ही, नवरा, दोन मुली आणि हा तान्हा, असे सगळे रातोरात निघाले. घरच्या छोट्या होडीतून सीमेवरच्या नदीपर्यंत आले. तिथे एक मोठी नाव तान्ह्या मुलांच्या आयांना आधी घेत होती. नवरा म्हणाला, तू जा पुढे, मी मुलींना घेऊन आपल्या होडीतून मागोमाग येतो. ही पलीकडे उतरली, काठावर वाट पाहत बसली. मागून होड्या येत राहिल्या, हिची आली नाही. मग ट्रक आले आणि काठावरच्या सगळ्यांना उचलून घेऊन गेले.

"आणि बघा, घर सोडताना त्याने भांडी नाही घेतली, अंथरूण नाही घेतलं," ती म्हणाली. "होडीचं वल्हं मात्र हातातून सोडायचं नाही म्हणाला. होडी काठाला ठेवू, वल्हं आपल्याकडे असलं की होडी कोणी नेणार नाही. कुलूप लावल्यासारखं. एवढा शहाणा माणूस."

नवऱ्याचा असा उद्धार करताना तिचा चेहरा जरा खुलला होता.

शेवटी मी घोकलेला मुख्य प्रश्न विचारला. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"बाळ धरायला कोणीतरी हवं," ती लगेच म्हणाली.

"म्हणजे?"

"छावण्या किती आहेत! एकेक फिरून बघायला हवी. ह्याला घेऊन बसमध्ये चढता येत नाही, रांगेत उभं राहता येत नाही. इथे कोणाकडे ठेवायचा? सगळ्यांकडे आपापलं आहे. दिवसभर कोणी ह्याला धरलं, तर मी शोधून काढीन."

मी मंडळात येऊन हे सांगितलं.

"बाळ धरायला?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "अगं, ही गरज नव्हे. गरज म्हणजे वस्तू. दूध?"

"मिळतं."

"कपडे?"

"एक साडी आहे नेसायची, एक वाळत घातलेली."

"मग हे सांग ना!" त्यांचा चेहरा उजळला. आठवड्याभरात मंडळाने साड्यांचा ढीग जमवला. त्यातल्या निम्म्या नऊवारी, सासूबाईंच्या ट्रंकांमधून निघालेल्या. मी तो गठ्ठा टॅक्सीत घालून छावणीत नेला. नऊ वार लांबीचं लुगडं तिने पाइपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला. पुढच्या खेपेस अध्यक्षबाई जातीने आल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचं हिरवं इरकली लुगडं पाइपाच्या तोंडावर दुहेरी पडदा होऊन टांगलेलं होतं. शेजारच्या दोन पाइपांनाही त्याच घराण्याचे पडदे होते.

अध्यक्षबाईंनी ते पाहिलं, रांगोळी पाहिली, आत नीट रचून ठेवलेले पत्र्याचे डबे पाहिले. बाईने त्यांना पोतं दिलं, पाणी दिलं, आणि माझ्यामार्फत विचारलं की छावणीतलं वरण कोण करतं हे ह्यांना माहीत आहे का, कारण त्याला कोणीतरी फोडणी घालायला शिकवलं पाहिजे.

परतताना अध्यक्षबाईंनी टॅक्सीत बसून पदर झटकला. मग म्हणाल्या, "हसते की गं ती. आणि घर आपल्यापेक्षा नीटनेटकं. मला काही ती तशी गरजू वाटत नाही."

तरीही एकदा घेतलेलं कुटुंब सोडणं बरं दिसलं नसतं. तेव्हा मंडळाने पुढच्या विचारासाठी विषय राखून ठेवला.

मी मात्र घरी आईला विचारलं. आम्ही दोघीच होतो, भवानीपुरातल्या दोन खोल्या आणि मागचा व्हरांडा. आई तीस-बत्तीस वर्षं कलकत्त्यात राहून अंगाला माशाचा वास लागू न देता जगली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"दर रविवारी एक मूल दिवसभर सांभाळशील का?"

"मी काय पाळणाघर उघडलंय?" आई म्हणाली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "रविवारीच ना?"

मग आमचे रविवार ठरून गेले. सकाळी ती बाळाला घेऊन यायची. आई त्याला आधी घंगाळात घालून तेल लावून न्हाऊ घालायची, मग पुढच्या गोष्टी. ती आईला 'माशीमा', म्हणजे मावशी, म्हणे, आई तिला 'अगं पोरी'. आईचं बंगाली बाजारापुरतं, वांगी आणि भाव यांच्यापलीकडे न गेलेलं. पोरीला मराठीचा गंध नाही. पण बाळाचं पोट बिघडलंय का, यावर त्या दोघी पाऊण तास भांडू शकत.

मी आणि ती निघायचो. डमडमला मैदानातल्या तंबूंत, बारासातला, एकदा पार बनगावपर्यंत. छावणीत शिरलं की ती सरळ मधोमध उभी राहायची आणि थोरल्या मुलीला हाक मारायची, "खुकी! ए खुकी!" आपण 'छकुली' म्हणावं तसं हे घरगुती नाव. त्यामुळे प्रत्येक छावणीत पाचसहा खुकी तंबूंतून बाहेर डोकवायच्या. काही धावत यायच्या. जवळ आल्यावर त्यांना कळायचं की ही आपली आई नव्हे, आणि हिला कळायचं की ह्या आपल्या मुली नव्हेत. एकमेकींकडे बघत सगळ्या उभ्या राहायच्या. मग ती एखादीचे केस सारखे करायची, एखादीला दटावायची, "नाक पूस आधी," आणि पुढच्या रांगेकडे वळायची.

मी एकदा म्हणाले, "नवऱ्याच्या नावाने विचारलं तर सोपं नाही का होणार?"

"त्याचं नाव मी कसं घेणार?" ती दचकून म्हणाली. सगळं गेलं होतं, पण नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत तिने सोबत आणली होती. तेव्हा नाव मी विचारायचे, माझ्या शुद्ध कलकत्त्याच्या बंगालीत, आणि ते समोरच्यांना अर्धंच समजायचं.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा छावणीत बातमी आली. इथे गर्दी मावत नाही, म्हणून काही रांगा रेल्वेने मध्य प्रदेशात मोठ्या छावणीत नेणार. हिच्या पाइपांची रांग त्यात होती. अध्यक्षबाईंना हे कळताच त्या प्रसन्न झाल्या. "बघ, सरकारनेच सोय केली. तिथे तंबू मिळेल, मोकळी हवा मिळेल. आपल्या हातून एका कुटुंबाचं भलं झालं."

तिला मी हे सांगायला गेले तर ती मान हलवत राहिली. "जत्रेत चुकलेल्या पोराने जागेवरून हलायचं नसतं. मला माझ्या आईने शिकवलंय. मी हलले की तो मला कुठे शोधणार? त्या जंगलात?"

नेण्याच्या दिवशी शाळेतून मी घरी आले तर दारात आई कमरेवर हात ठेवून उभी, आणि पायरीवर ती, मांडीवर बाळ, शेजारी पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेलं हिरवं इरकली.

आई मला म्हणाली, "मी तिला सांगितलं, आज रविवार नाही."

"मग?"

"बसून राहिली."

आईने तिच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि मराठीत म्हणाली, "पाय धू आधी. तशीच आत येऊ नकोस." बाळाला मात्र तिने तसंच उचलून आत नेलं.

अशी ती आमच्या मागच्या व्हरांड्यात राहायला आली. मंडळात मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आता गरजू राहिली नाही, असं ठरलं असतं. पण ते कळायचं तेव्हा कळलंच, कारण मंडळाचा राखून ठेवलेला विचार एव्हाना पूर्ण झाला होता. त्यांनी तिला स्वावलंबी करायचं ठरवून शिवणयंत्र विकत घेतलं होतं आणि ते कुठे पोचवायचं हा प्रश्न होता. एका संध्याकाळी ते हातरिक्षातून आमच्याकडे आलं. अध्यक्षबाई सोबत होत्या.

तिने यंत्राभोवती एक फेरी मारली. "दिदिमणी, हे कोणाचं?"

"तुझं."

"मला शिवता येत नाही."

"शिकशील," अध्यक्षबाई हिंदीत म्हणाल्या.

ती मला म्हणाली, "ह्यांना सांगा, मला गाई सांभाळता येतात, भात कांडता येतो, जाळं विणता येतं, बायकांची बाळंतपणं करता येतात. तुमच्या घरात कोणाचं असेल तर सांगा."

याचं भाषांतर मी 'ती आभारी आहे' एवढंच केलं. पुढे त्या यंत्रावर आईच बाळाची झबली शिवू लागली. स्वावलंबी झाली ती माझी आई.

मासे हा मात्र घरात पेचाचा विषय झाला. महिनाभर ती काही बोलली नाही. आमची आमटी, भाकरी, मेथीची भाजी मुकाट्याने जेवली. मग एके दिवशी ताटावर बसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईने विचारलं, तिखट झालं का? ती नाही म्हणाली. इतके दिवस नवरा नाही, मुली नाहीत, घर नाही, तरी तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "मासेच ना?"

"असावं."

दुसऱ्या दिवशी आई स्वतः बाजारात गेली. लांबूनच, नाकाला पदर लावून, तिने बोटाने एक मासा दाखवला. व्हरांड्याच्या टोकाला बादलीची शेगडी मांडली गेली. आईची अट एकच, धूर बाहेरच्या बाजूने गेला पाहिजे. आई आत पाठ फिरवून पोथी वाचत बसली. वास आला तशी पोथी वाचण्याचा आवाज वाढत गेला. तो मासा बघून ती बाई म्हणाली, "हा तर परवाचा आहे. माशीमांना फसवलं." आणि चाटूनपुसून खाल्ला.

दिवाळीत अध्यक्षबाईंच्या घरी मंडळाचा फराळ होता. त्यांची नणंद रायपूरहून, तेव्हाच्या मध्य प्रदेशातून, आली होती. अध्यक्षबाईंनी मला निरोप धाडला, की आपल्या कुटुंबाला घेऊन ये, पाहुणीला दाखवायचंय. तेव्हा मी तिला आणि बाळाला घेऊन गेले. ती एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून चकली खात होती. आजूबाजूला सगळं मराठी चाललेलं, तिला एक शब्द कळत नव्हता.

"ही आमच्या मंडळाची," अध्यक्षबाई नणंदेला म्हणाल्या. "पाइपात राहत होती बरं का. गटाराच्या पाइपात."

"पाइप म्हणजे निदान सिमेंट तरी," नणंद म्हणाली. "आमच्याकडे तंबू आहेत. दिवसा तापतात, रात्री गारठतात. आमच्याही मंडळाने एक कुटुंब घेतलंय. आम्ही बाई नाही घेतली, पुरुष घेतलाय. आईविना दोन पोरी घेऊन आलेला."

"आमची तर नवऱ्याविना, तान्हं पोर घेऊन."

"आमचा वेडा आहे थोडा."

अध्यक्षबाईंनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. नणंदेने डाव जिंकल्यासारखं हसून पुढे सांगितलं, "अहो, काय घेऊन आलाय माहितीये? वल्हं! होडीचं वल्हं! आमच्याकडे पिण्याचं पाणी टँकरने येतं, आणि हा तंबूच्या दारात वल्हं रोवून बसलाय. आम्ही म्हटलं, चुलीला तरी लाव. तर अंगावर धावून आला."

सगळ्या हसल्या. माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

"मुली केवढ्या?" मी विचारलं.

"एक आठनऊची असेल. धाकटी पाचची. थोरलीच्या वेण्या तो स्वतः घालतो, वाकड्यातिकड्या. आमच्या मंडळातली एकजण त्यांना शिकवायला जाते."

मी कोपऱ्यात जाऊन तिला हळूच सांगितलं. तिने चकली खाली ठेवली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "विचारा, वल्ह्याचं टोक जळलेलं आहे का."

मी विचारलं.

"हो की!" नणंद म्हणाली. "काळं आहे टोकाला. मला वाटलं, तसंच असतं."

"मी जाळलं ते," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी. चुलीतलं लाकूड आत ढकलायला काही मिळेना, म्हणून घेतलं. आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी." मग एकदम तिने विचारलं, "पण तो तिथे कशाला गेला?"

नणंदेला ते माहीत होतं, कारण त्याने ते सगळ्यांना सांगून कंटाळा आणला होता. त्याची होडी प्रवाहात खाली वाहत गेली, तो दुसऱ्याच घाटाला लागला. तिथून कुठल्याशा छावणीत गेला. तिथे त्याला कोणीतरी सांगितलं की तान्ह्या मुलांच्या आयांना सगळ्यांत आधी मध्य प्रदेशात धाडलंय. म्हणून जाणाऱ्यांत त्याने आपणहून नाव घातलं होतं. तिथे पोचल्यापासून तो रोज येणाऱ्या गाड्यांपाशी जाऊन उभा राहतो.

मी हे सगळं तिला सांगितलं. तो सापडावा म्हणून ही जागेवरून हलली नव्हती, आणि ही सापडावी म्हणून तो हलला होता.

"मूर्ख," ती म्हणाली. "पहिल्यापासून मूर्ख." आणि पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला. बाळ तो पदर ओढू लागलं. 

मग अध्यक्षबाईंच्या लक्षात आलं. "म्हणजे, आमची बाई आणि तुमचा माणूस... अगं, दोन मंडळांनी मिळून एकच कुटुंब घेतलं की!" यावर नणंद म्हणाली, की मोठा भाग त्यांच्याकडे आहे, तेव्हा कुटुंब रायपूर मंडळाचंच धरावं लागेल. ही चर्चा चहा येईपर्यंत चालली.

तिला मध्य प्रदेशात पाठवायचं आता सगळ्यांनी ठरवलं. पण सरकारी गाडी सुटून गेली होती. अध्यक्षबाईंनीच मग नणंदेसोबत मेलचं तिकीट काढलं. मी म्हटलं, त्याला आधी कळवू या, तो आनंदेल.

ती किंचाळलीच. "अजिबात कळवू नका! कळलं की तो तिथून निघेल. मी तिकडे आणि तो इकडे. तुम्हाला माहीत नाही तो."

तेव्हा त्याला भेटायचं तर त्याला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. नणंदेकडून शपथ घेतली गेली.

हावड्याला आम्ही सगळ्या पोचवायला गेलो. अध्यक्षबाईंनी स्वतःची लोकरीची शाल आणली होती, आणि ती जुनी नव्हती. डब्यात चढताना गर्दी झाली. आईकडे फराळाचा डबा, माझ्याकडे पेटी, म्हणून तिने बाळ सरळ अध्यक्षबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पुण्याहून आलेली काचेची बरणी धरावी तसं धरलं. गाडी सुटायला वेळ होता. तेवढ्यात बाळाने त्यांच्या गळ्यातली काळी पोत मुठीत पकडली. परत द्यायची वेळ झाली तेव्हा कोण कोणाला सोडत नव्हतं हे मला सांगता येणार नाही. आई मात्र शेवटपर्यंत खिडकीशी उभी राहून तिला मराठीत बजावत होती, की त्याला वेखंड उगाळून दे, विसरू नकोस. ती "हो हो माशीमा" म्हणत होती.

नंतर युद्ध झालं, संपलं, आणि माणसं परत जाऊ लागली. जानेवारीत नणंदेने ट्रंककॉल करून कळवलं, की अमुक गाडीने ते येताहेत, हावड्याहून पुढे ट्रकने सीमेकडे जातील. आई आणि मी गेलो. स्टेशनबाहेर ट्रकांची रांग लागलेली. एका ट्रकजवळ ती उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती. नवरा बारीक, बुटका, चष्मेवाला. ज्या माणसाला आम्ही इतके महिने शोधलं तो माझ्या डोळ्यांसमोर चांगला उंचापुरा झाला होता.

"भेटलात तेव्हा काय म्हणाले हे?" मी तिला विचारलं.

"हा? पाण्याच्या रांगेत उभा होता. मला बघून म्हणाला, 'ह्याला दात आले का?' मी म्हटलं, 'दोन.' मग रांगेतून हलेना. म्हणाला, नंबर जाईल."

नवरा शेजारी उभा राहून लाजला. दोन्ही मुलींनी वाकून माझ्या आईच्या पायांना हात लावला. आईने थोरलीचे केस सोडून, तिथेच फुटपाथवर बसून, तिची घट्ट वेणी घातली. ट्रकवाला घाई करू लागला. ती वर चढली, मुलींना ओढून घेतलं, आणि तिथून मला ओरडून विचारलं, "दिदिमणी, लग्नाचं काही जमलं?" सगळा ट्रक माझ्याकडे पाहू लागला.

वर्षभराने त्या बाजूचा एक माणूस कलकत्त्याला कामासाठी आला होता. तो खजुराच्या गुळाची ढेप आणि निरोप घेऊन आमच्या दारात आला. घराचं छप्पर राहिलं नव्हतं, ते पुन्हा घातलं. तळं आहे. मुली शाळेत जातात. माशीमांना घेऊन या, थंडीत या, तेव्हा चांगले मासे असतात.

आई तो निरोप ऐकून म्हणाली, "मासे म्हणे." पण दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, की तिकडे जायचं तर काय काय लागतं. मी म्हटलं, पासपोर्ट. ती वडिलांच्या मागे पुण्यालासुद्धा गेली नव्हती. पण एका सकाळी ठेवणीतलं पातळ नेसून ती माझ्याबरोबर हाजऱ्याच्या नाक्यावरच्या स्टुडिओत आली आणि फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, "हसू नका मां, पासपोर्टला चालत नाही." ती हसत नव्हतीच.

पुढे माझी शाळा, मग तिचं आजारपण. जाणं झालं नाही. सत्तरचं दशक सरायच्या आत आई गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले, तर आईचा एकटीचा म्हणून तो एवढाच निघाला. तोच मोठा करून घेतला.